बुरशीवर जिरावण कोण भुरभुरवतं?

यंदा पावसानं इंदूरला असं काही भिजवलंय की विचारू नका. कपाटातली कोल्हापुरी काढली तर तिच्यावर पांढरी मखमल, माळ्यावरच्या बरणीत लोणच्याला टोपी, आणि माझ्या व्हॉट्सअॅपवर एकामागून एक बुरशीचेच प्रश्न. संपादक म्हणाले ताई, मग या वेळी सगळा कॉलम बुरशीलाच देऊन टाका. दिला. प्रश्न थोडे छाटलेत, नावं नेहमीसारखी काढून टाकलीयत, मोहल्ला तेवढा ठेवलाय.

ताई, रक्ताच्या रिपोर्टमध्ये "सीरम" लिहिलेलं असतं ते आणि मी रात्री तोंडाला लावते ते सीरम एकच का?
– वैशालीनगर

नाही हो, नुसतं नाव सारखं. रक्त साध्या लाल झाकणाच्या नळीत घेऊन ठेवलं की अर्ध्या तासात गोठतं, मग मशीनमध्ये गरगर फिरवलं की गुठळी खाली बसते आणि वर पिवळसर पाणी राहतं, ते सीरम. दिसायला पाणी, पण १०० मिलिलिटरमागे ६ ते ८ ग्रॅम प्रोटीन असतं त्यात, आणि अर्ध्याहून जास्त एकटं अल्ब्युमिन. पुढचं सगळं या सीरमबद्दल आहे, तेव्हा ती ड्रॉपरवाली बाटली बाजूला ठेवून वाचा.

ताई नमस्कार, मी बीएस्सी मायक्रोच्या सेकंड इयरला आहे. प्रॅक्टिकलला आम्ही जर्म ट्यूब टेस्ट केली, म्हणजे कॅन्डिडा सीरममध्ये टाकून ३७ डिग्रीला दोन-अडीच तास ठेवलं. मायक्रोस्कोपखाली बघितलं तर पेशींना शेपट्या फुटलेल्या, मस्त वाढून राहिली होती ती बुरशी. आणि दुसऱ्याच दिवशी थिअरीला मॅडम म्हणाल्या की सीरममधले प्रोटीन बुरशी मारायला मदत करतात. मग आम्ही बघितलं ते काय होतं? विचारलं तर म्हणाल्या एवढं सिलॅबसमध्ये नाही.
– लोकमान्यनगर

शाब्बास पोरी! इतक्या वर्षांत हा प्रश्न मला दोनदाच आलाय, आणि पहिल्यांदा तो मीच मला विचारला होता, लॅबमध्ये नोकरीला लागले तेव्हा.

मॅडम बरोबर आहेत आणि तुझे डोळेही बरोबर आहेत. तुझ्या नळीत काय नव्हतं ते बघ. खाणारं कुणी नव्हतं. सीरम म्हणजे पेशी काढून टाकलेलं रक्त, आणि बुरशीच्या बाबतीत हे पाणी एकट्यानं फारसं काही मारत नाही. काही बॅक्टेरियांचं तसं नाही, सीरममधली कॉम्प्लिमेंट नावाची प्रोटीनं त्यांच्या अंगाला सरळ भोक पाडतात आणि ते फुगून फुटतात. पण बुरशीच्या पेशीला बाहेरून कायटिन, ग्लुकन, मॅनन अशी जाडजूड भिंत असते, भोक पाडणारं यंत्र त्या भिंतीवरच अडकून राहतं, आतल्या नाजूक पडद्यापर्यंत पोचतच नाही. मग सीरम करतं काय, तर बुरशी खाण्याजोगी करतं.

आता इंदूरच्या मुलीला हे समजवायला मला काय कष्ट! पोहे प्लेटमध्ये आले, वर शेव आहे, कांदा आहे, पण जिरावण, म्हणजे आपला तो पोह्यावरचा मसाला, नाही, तर आपला माणूस प्लेट तशीच हातात धरून दुकानदाराकडे बघत बसतो की नाही? वरून जिरावण भुरभुरवलं की मगच चमचा चालतो. जिरावणानं पोह्याचं काही बिघडत नाही, फरक खाणाऱ्यात पडतो. सीरमचं काम हेच, बुरशीवर जिरावण टाकायचं. आणि हा माझा विनोद नाही बरं का, शास्त्रातलं नावच तसं आहे. १९०३ मध्ये लंडनला अल्मरोथ राइट आणि स्टुअर्ट डग्लस या दोघांनी पांढऱ्या पेशी मिठाच्या पाण्यानं धुऊन घेतल्या आणि समोर बॅक्टेरिया ठेवले, तर पेशी ढिम्म. मग सीरम घातलं तर त्याच पेशींनी बॅक्टेरियांवर ताव मारला, आणि सीरम आधी तापवून घातलं तर पुन्हा भूक गायब. सीरममधल्या या करामतीला त्यांनी ऑप्सोनिन म्हटलं, आणि ग्रीकमध्ये ऑप्सॉन म्हणजे भाकरीबरोबर तोंडी लावायचं काहीतरी, चटणी, कालवण, मासळी. तोंडीलावणंच की!

त्याच्या आधी वीसेक वर्षं नुसतं भांडण चालू होतं. एका बाजूला मेचनिकॉफ, रशियन माणूस, तो म्हणायचा जंतूंना पेशी खातात, बाकी सगळं गौण. दुसरी बाजू म्हणायची पेशी-बिशी ठीक आहे, खरी ताकद सीरममध्ये. मेचनिकॉफचा भक्कम पुरावा कुठला होता माहितीये? बुरशीचाच! डॅफ्निया म्हणून पाण्यात राहणारा टिकलीएवढा किडा असतो, अंग काचेसारखं आरपार, सगळं बाहेरून दिसतं. त्याच्या पोटात एका यीस्टचे सुईसारखे बीजाणू जातात, आतडं भोसकून अंगात शिरतात, आणि लगेच किड्याच्या पेशी त्यांच्याभोवती गोळा होऊन त्यांना गिळायला लागतात, पेशी जिंकल्या तर किडा जगतो, नाहीतर यीस्ट त्याला भरून टाकतं. हे त्यानं १८८४ मध्ये छापलं. पुढे १९०८ चं नोबेल त्याला आणि सीरमवाल्या पॉल एर्लिखला मिळून दिलं, म्हणजे कमिटीनं दोन्ही पार्ट्यांना खूश केलं असं म्हणा, पण खरं म्हणजे दोघांचं जमवून दिलं होतं ते या तोंडीलावण्यानं.

बरं, हे जिरावण बनतं कसं. मुख्य मसाला म्हणजे सी-३ नावाचं प्रोटीन. बहुतेक सगळं लिव्हर बनवतं आणि रक्तात १०० मिलिलिटरमागे १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून थोडं जास्त असतं, कॉम्प्लिमेंटच्या तीसच्या वर प्रोटीनांत सगळ्यात भरपूर हेच. याची खोड अशी की हे काही कारण नसतानाही थोडं थोडं फुटत असतं, सतत, आत्ता तू वाचतेयस तेव्हासुद्धा. फुटलं की त्याच्या पोटात दडलेला एक चिकट बंध उघडा पडतो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत जे जवळ असेल त्याला तो तुकडा चिकटतो, काही नाही मिळालं तर पाण्याशीच जुळून वाया जातो. आपल्या स्वतःच्या पेशीला चिकटला तर? तर तिथं पुसणारे आहेत, फॅक्टर एच आणि मंडळी, ती लगेच फडकं मारतात. बुरशीच्या भिंतीवर फडकं मारणारं कुणी नाही. तिथं एक तुकडा चिकटला की तो आणखी सी-३ फोडायचं यंत्र तयार करतो, त्यातून आणखी तुकडे, आणि काही मिनिटांत भिंत पार माखून जाते.

हा झाला आपोआप चालणारा रस्ता. दुसरा रस्ता अँटिबॉडींचा. कॅन्डिडा आपल्या आतड्यात गुपचूप राहतच असतो ना, त्यामुळे त्याच्या मॅननविरुद्ध थोड्या अँटिबॉडी बहुतेकांच्या रक्तात आधीपासून असतात, त्या भिंतीला बसल्या की सी-३ चं काम पटकन सुरू होतं, आणि अँटिबॉडीचं शेपूट धरूनही पेशीला बुरशी पकडता येते ते वेगळंच. तिसरा रस्ता मॅनोज-बाइंडिंग लेक्टिन, याला एमबीएल म्हणतात, हा बुरशीच्या भिंतीवरची साखर ओळखून बसतो. पुस्तकात या तीन रस्त्यांचे बाण काढून असा काही नकाशा करतात की मुलं घाबरून पान उलटतात, मला विचारशील तर एवढंच धरून ठेव की रस्ते तीन आहेत आणि तिन्ही सी-३ च्या चौकात येऊन मिळतात.

एमबीएलची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एका तान्ह्या मुलीबद्दल लिहिलं, सारखी इन्फेक्शन्स व्हायची तिला. तिच्या पांढऱ्या पेशी तपासल्या तर धडधाकट. मग बेकरीचं यीस्ट आणि तिचं सीरम एकत्र करून बघितलं, तर पेशी यीस्ट गिळेचनात, दुसऱ्या कुणाचं सीरम घातलं तर त्याच पेशी गिळायला लागल्या. म्हणजे खाणारे ठीक होते, जिरावण नव्हतं. घरातल्या काही लोकांच्या सीरममध्येही तोच दोष निघाला. पुढे १९८९ मध्ये कळलं की असल्या सीरममध्ये एमबीएल कमी असतं. आता गंमत अशी की बऱ्याच निरोगी माणसांतही ते कमी सापडतं आणि त्यांना आयुष्यभर पत्ताही लागत नाही, कारण बाकीचे दोन रस्ते चालू असतात. तान्ह्या बाळाची गोष्ट वेगळी, आईकडून आलेल्या अँटिबॉडी संपत आलेल्या, स्वतःच्या अजून पुरेशा नाहीत, त्या मधल्या काळात ही कमी टोचते.

मग खाणं. सी-३ नंतर पुढे सी-५ हे त्याचं भावंड फुटताना जे बारके तुकडे सुटतात त्यांचा वास लागल्यासारखे न्यूट्रोफिल, म्हणजे पांढऱ्या पेशींतलेच खादाड, धावत येतात, सराफ्याच्या खाऊगल्लीत रात्री तळत्या गराडूचा वास येतो तसं. न्यूट्रोफिलच्या अंगावर सीआर-३ नावाचा हात असतो, तो बरोबर त्या चिकटलेल्या तुकड्याला पकडतो आणि यीस्ट आत ओढतो. आत गेल्यावर आधी हायड्रोजन पेरॉक्साइड आणि मग त्यापासून हायपोक्लोरस ॲसिड, स्विमिंग पूलच्या पाण्यात क्लोरीन टाकल्यावर जे तयार होतं तेच, त्यात बुरशी भाजून निघते. ज्या मुलांत जन्मतःच हे रसायन बनवायची यंत्रणा बंद असते त्यांना ॲस्परजिलससारख्या बुरशा फार छळतात, म्हणजे नुसतं गिळून भागत नाही, पचवावंही लागतं.

आणि बुरशी लांबच लांब धाग्याची असली तर? न्यूट्रोफिल जेमतेम १२ मायक्रॉनचा, धागा त्याच्या कितीतरी पट लांब, गिळणार कसा. मग दहा-वीस जण मिळून धाग्याला चिकटतात आणि ते जहाल रसायन बाहेरूनच सोडतात, काही तर स्वतः फुटून आतला डीएनए जाळ्यासारखा पसरून टाकतात. या जाळ्याचा शोध २००४ चा. तू शिकतेयस ते सगळंच काही शंभर वर्षं जुनं नाहीये.

आता तुझ्या शेपट्या. सीरम जसं बुरशीला ओळखतं तशी बुरशीही सीरमला ओळखते! ३७ डिग्री आणि सीरम, म्हणजे "आपण माणसाच्या आत आलो", असं कॅन्डिडाला कळतं आणि तो गोल पेशीचा धागा व्हायला लागतो. गिळलं गेल्यावरही शेपूट वाढवून तो मॅक्रोफेज नावाची खाणारी पेशी आतून भोसकून बाहेर पडू शकतो. शिवाय हा पक्का चोर आहे, आपलं ते पुसणारं फॅक्टर एच स्वतःच्या अंगाला चिकटवून घेतो म्हणजे आपलाच माणूस वाटतो, आणि सी-३ तोडणारी एन्झाइमंही सोडतो. ॲस्परजिलसचं वेगळंच, त्याचे हवेत उडणारे बीजाणू प्रोटीनचा एक रेनकोट घालून येतात, त्यामुळे फुफ्फुसातल्या पेशींना ते दिसतच नाहीत. २००९ मध्ये तो रेनकोट काढून बघितला तेव्हा कळलं की खाली सगळं ओळखू येण्यासारखं होतं.

म्हणजे तू नळीत बघितलास तो सामन्याचा अर्धाच भाग, बुरशीच्या बाजूचा. मॅडमना विचारून बघ, उकळून मारलेलं बेकरी यीस्ट, थोड्या पांढऱ्या पेशी, एका स्लाइडवर ताजं सीरम आणि दुसऱ्यावर ५६ डिग्रीला अर्धा तास ठेवलेलं सीरम, आणि प्रत्येकी शंभर पेशींनी किती यीस्ट गिळले ते मोजायचं. ५६ ला कॉम्प्लिमेंट मरतं, हे बोर्दे नावाच्या शास्त्रज्ञानं पॅरिसला दाखवलं त्याला सव्वाशे वर्षं होऊन गेली. अँटिबॉडी मात्र ५६ ला टिकतात, तेव्हा दुसऱ्या स्लाइडवर शून्य येणार नाही, घाबरू नकोस. आणि सीरम ताजंच घे. माझ्या नोकरीच्या दिवसांत एकदा कॉम्प्लिमेंटचा रिपोर्ट इतका कमी आला की पेशंटच्या घरी रडारड, मग चौकशी केली तर सॅम्पल मे महिन्यात दुपारभर कुणाच्या तरी डिकीत फिरत होतं. दुसऱ्या दिवशी बर्फात आणलेल्या सॅम्पलचा रिपोर्ट चोख नॉर्मल!

ताई, २०२१ मध्ये कोविडनंतर बाबांना म्युकर झाला. एक डोळा गेला पण बाबा वाचले. आम्ही पाच जण, घर एक, कूलर एक, मग त्यांनाच का? शुगर तेव्हा ४०० च्या वर होती आणि स्टेरॉइड चालू होतं. आता डॉक्टरांनी हिमोग्लोबिनसाठी आयर्नच्या गोळ्या दिल्यात आणि नातेवाइकांपैकी एक जण म्हणतात की लोखंडानं बुरशी वाढते. द्यायच्या की नाही?
– राजेंद्रनगर

दादा, त्या मे महिन्यातल्या रांगा अजून डोळ्यासमोर आहेत, अँफोटेरिसिनच्या, म्हणजे म्युकरवरच्या औषधाच्या, एका एका इंजेक्शनसाठी लोक रात्र-रात्र फोन लावत होते. बाबा वाचले हे फार मोठं झालं.

म्युकरचे बीजाणू तुम्ही पाचही जणांनी घेतले असणार, मातीत, कुजलेल्या पानात, शिळ्या पावावर ते सगळीकडे असतात. कूलरला दोष देऊ नका. फरक होता तो बाबांच्या रक्तात, आणि तोही बराचसा सीरममधल्या एका प्रोटीनपाशी येऊन थांबतो, ट्रान्सफेरिन. ट्रान्सफेरिन रक्तातलं लोह दोन्ही मुठींत धरून फिरतं, एका रेणूला दोन अणू. नेहमीच्या माणसात यातल्या मुठी एक-तृतीयांशच भरलेल्या असतात, म्हणजे सुटं लोह दिसलं की उचलायला रिकाम्या मुठी तयारच. बुरशीला वाढायला लोह लागतंच, आणि ते तिला मिळू न देणं हाही एक बंदोबस्तच आहे, यात कुणी कुणाला मारत नाही, नुसता शिधा बंद.

शुगर फार वाढून रक्त आंबट व्हायला लागलं, ज्याला डॉक्टर कीटोॲसिडोसिस म्हणतात, की या मुठी सैल पडतात आणि लोह सुटतं. १९८२ मध्ये याचा सुंदर प्रयोग झाला होता, कीटोॲसिडोसिसच्या पेशंटचं सीरम घेऊन त्यात रायझोपस, म्हणजे म्युकर करणारीच बुरशी, लावली, तर आंबट असताना ती भराभर वाढली आणि तेच सीरम अल्कलीकडे नेलं तर वाढ होईना. सीरम तेच, बुरशी तीच, फक्त पीएच बदलला! तुमच्या बाबांना कीटोॲसिडोसिस होता की नुसतीच शुगर जास्त ते फाइल बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, पण नुसत्या जास्त शुगरनंही न्यूट्रोफिल मंद होतात, आणि स्टेरॉइडनं दोन्ही बाजूंनी मार, पेशींचा मारा कमी आणि शुगर आणखी वर. स्टेरॉइड उगाच दिलं असं नका समजू, ऑक्सिजन लागणाऱ्या कित्येकांचे जीव त्यानंच वाचले, पण किती आणि किती दिवस यात तेव्हा सगळीकडेच गोंधळ होता.

आणि एक, "ब्लॅक फंगस" हे नाव मला कधीच पटलं नाही. तो काळा रंग बुरशीचा नसतो. ती रक्तवाहिनीत घुसून तिला बंद करते, पुढच्या भागाला रक्त मिळत नाही आणि ते मांस मरून काळं पडतं. म्हणूनच नुसत्या इंजेक्शननं भागत नव्हतं, कारण मेलेल्या भागात ना रक्त पोचतं, ना औषध, ना सीरम, ना पेशी, तो भाग कापूनच काढावा लागतो. बाबांचा डोळा त्यासाठी गेला.

गोळ्यांचं. नातेवाइकांनी अर्धं खरं ऐकलंय. पूर्वी डायलिसिसच्या काही पेशंटना शरीरातलं जादा धातू काढायला डिफेरॉक्सामीन नावाचं औषध द्यायचे, त्यांच्यात म्युकर वाढला, कारण ती बुरशी त्या औषधाला चिकटलेलंच लोह ओरबाडून घेते. पण ते औषध वेगळं आणि तुमची रोजची गोळी वेगळी. शुगर ताब्यात असेल आणि डॉक्टरांना म्युकरचा इतिहास माहीत असेल तर त्यांनी विचार करूनच लिहिली असणार, माहीत नसेल तर फाइल घेऊन जा आणि सांगा. मनानं बंद करू नका, मनानं वाढवूही नका. शुगरची तपासणी मात्र चुकवू नका.

गजकर्ण अंगभर पसरतो तरी आत कधीच का जात नाही? माझा दीड वर्ष झालं जात नाहीये, मेडिकलवाल्याकडून ट्यूब आणतो, आठ दिवस बरं वाटतं, की पुन्हा तेच.
– सुदामानगर

प्रश्न दोन आहेत, पहिला हुशारीचा आणि दुसरा मला राग आणणारा.

गजकर्णाची, म्हणजे आपल्याकडे दाद म्हणतात तिची, बुरशी केराटिन खाते, आणि केराटिन असतं त्वचेच्या सगळ्यात वरच्या मेलेल्या थरात, केसात, नखात. तिथं रक्त पोचत नाही म्हणून तिचं फावतं. जरा खाली जिवंत त्वचेत उतरली की सीरम झिरपलेलं असतं, आणि त्यात वर सांगितलेलं ट्रान्सफेरिन रिकाम्या मुठी घेऊन बसलेलंच आहे, लोह मिळत नाही, वाढ थांबते, शिवाय पेशीही असतात. म्हणून ती आत न जाता आडवी पसरते, चकतीसारखी, कडेला लाल आणि मधे बरी.

आता ट्यूब. ती तीन-चार औषधांची खिचडी असणार, त्यात एक जोरदार स्टेरॉइड असतं. स्टेरॉइडनं खाज आणि लाली जाते, म्हणजे तुमच्याच पेशींना गप्प बसवलं, बुरशी खुशीत. आठ दिवस बरं वाटतं ते याच्यामुळे. भारतात गेल्या काही वर्षांत अशी एक गजकर्णाची बुरशी माजलीये की तिचं नावच ट्रायकोफायटन इंडोटिनी पडलं, २०२० मध्ये, आणि टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला ती बऱ्याचदा दाद देत नाही (दादनं दाद न देणं, असो). ट्यूब फेका, स्किनच्या डॉक्टरकडे जा, घरात आणखी कुणाला असेल तर सगळ्यांनी एकदम औषध घ्या आणि टॉवेल वेगळे करा. औषध डॉक्टर सांगतील तितके आठवडे, दिसेनासं झालं म्हणून मधेच सोडायचं नाही.

कॉम्प्लिमेंट वाढवायची पावडर मिळते का? जिममधला मुलगा म्हणतो घ्या.
– एक काका

नाही, आणि वाढवूही नये. हेच कॉम्प्लिमेंट मोकाट सुटलं की किडनीची गाळणी आणि स्वतःच्याच लाल पेशी फोडतं, त्याला आवर घालायची महागडी इंजेक्शनं निघालीयत. लिव्हर जपा, बाकी ते आपलं आपण बनतं.

सौ. ताईंना सप्रेम नमस्कार. मी रविवारी घरी पाव करते, यीस्ट घालून. नवी सूनबाई म्हणते यीस्ट म्हणजे बुरशी, आई घरात नको, बाळाला इन्फेक्शन होईल. तिला काय सांगू?
– रामबाग, वय ७४

आजी, सूनबाईचं पहिलं वाक्य बरोबर आहे, यीस्ट बुरशीच. पण भट्टीत ते मरतं, आणि धडधाकट बाळाला तुमच्या कणकेतल्या यीस्टनं काही होत नाही. घरात कुणाची कीमो चालू असेल किंवा गळ्यातल्या मोठ्या शिरेत नळी घातलेली असेल तर जिवंत यीस्टची पाकिटं आणि यीस्टच्या प्रोबायोटिक पुड्या त्यांच्यापासून लांब ठेवायच्या, एवढंच.

उलट तुम्ही तिला हे सांगा. सीरममधला तो आपोआप चालणारा रस्ता, वर विद्यार्थिनीला सांगितला तो, सापडला तोच मुळी या यीस्टमुळे. अमेरिकेत क्लीव्हलंडला लुई पिलेमर म्हणून एक संशोधक होता, तो यीस्टच्या भिंतीचा चुरा, झायमोसान म्हणतात त्याला, सीरममध्ये घालून बघत होता, तर सी-३ खर्च होऊन जायचं, अँटिबॉडीची गरज न लागता. १९५४ मध्ये त्यानं यामागच्या प्रोटीनला प्रॉपर्डिन असं नाव दिलं. त्याला लोकांनी वेड्यात काढलं, म्हणे तुझ्या सीरममध्ये अँटिबॉडी राहून गेल्या असतील, तुला दिसल्या नाहीत. १९५७ मध्ये तो गेला तेव्हा वाद चालूच होता, अजून पन्नाशीही झाली नव्हती त्याची. पुढे दहा-पंधरा वर्षांनी बाकीच्यांना तेच सापडत गेलं आणि आज प्रॉपर्डिन पुस्तकात आहे, झायमोसानही लॅबच्या फ्रिजमध्ये असतं, आणि ते बनतं तुमच्या पावाच्या यीस्टपासूनच.

फक्त या हवेत उरलेला पाव ओट्यावर उघडा ठेवू नका. त्याच्यावर येते ती हिरवी-काळी बुरशी वेगळी, ती दिसली तर तेवढा तुकडा काढून बाकीचा टोस्ट करायचा नाही, अख्खा पाव टाकून द्यायचा, आणि टाकताना वास घेऊन बघायचं नाही.